जुनी सिटी व्हीटेक घ्यावी की सीडिया?

कोपरखैरणे, प्रतिनिधी

जपानी वेगवान गाड्यांचे वेड असलेल्या तरुणांच्या मनात निस्सानची स्कायलाइन, टोयोटाची सुप्रा आणि मित्सुबिशीची इव्होल्युशन ठाण मांडून बसलेल्या असतात. प्रत्यक्ष व्यवहाराच्या वेळी मात्र ही नावे बाजूला पडतात. तीन वर्षांहून जुनी परदेशी गाडी भारतात सहसा आयात करता येत नाही. त्यामुळे जपानमधील जुनी सुप्रा इकडे आणण्याचा मार्ग मुळातच बंद आहे. उरतात त्या भारतात तयार झालेल्या, पण जपानी इंजिनाचा खरा पीळ असलेल्या मोजक्या जुन्या गाड्या. त्यांतही मर्यादित पैशांत मिळणाऱ्या आणि आजही चाहत्यांत वाद घडवणाऱ्या दोन गाड्या म्हणजे होंडाची पहिल्या पिढीतील सिटी १.५ व्हीटेक आणि मित्सुबिशीची सीडिया.

कोपरखैरण्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. माथाडी कामगारांसाठी आखलेल्या छोट्या भूखंडांवर आता मजले चढले आहेत, गल्ल्या मात्र तेवढ्याच रुंदीच्या राहिल्या. दारापुढे एक गाडी लावता आली तरी नशीब, अशी अनेक घरांची स्थिती आहे. म्हणजे शनिवार-रविवारी फिरवायची हौसेची गाडी वेगळी आणि घरची गाडी वेगळी, ही चैन बहुतेकांना परवडत नाही. जी घेतली जाईल तिनेच ठाणे-बेलापूर रस्त्यावरची सकाळची कोंडी सोसायची, आई-वडिलांना वाशीला डॉक्टरकडे न्यायचे आणि मे महिन्यात गावचा घाटही चढायचा. चुकीची निवड झाली तर वर्षाच्या आत ती सोसायटीच्या कोपऱ्यात धूळ खात उभी राहते आणि घातलेले पैसे तिच्याबरोबर गंजतात.

दोन इंजिने, दोन स्वभाव

होंडा सिटी भारतात आली १९९८ मध्ये. ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात ती तयार होत असे. २००० साली तिच्या रूपात बदल करताना होंडाने १४९३ सीसीचे व्हीटेक इंजिन दिले. १०६ अश्वशक्ती हा आकडा आज कोणाला दिपवणार नाही, पण गाडीचे वजन हजार किलोच्या आसपास होते हे ध्यानात घेतले की त्या काळी तिचा एवढा दरारा का होता ते उमगते. २००३ च्या अखेरीस नवी सिटी आली ती ७७ अश्वशक्तीचे, इंधन वाचवणारे इंजिन घेऊन. जुन्या सिटीचे चाहते तेव्हापासून जे हळहळू लागले ते अजून थांबलेले नाहीत.

व्हीटेक हे नाव गाड्यांच्या मागच्या काचेवर स्टिकर म्हणून इतके मिरवले गेले आहे की त्याचा अर्थ बाजूलाच राहिला. इंजिनाच्या झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्टवरील उंचवटे करतात. उंचवटा लहान असेल तर झडप थोडी आणि थोडाच वेळ उघडते. कमी वेगात गाडी शांत चालते आणि पेट्रोल वाचते, पण फेरे वाढले की इंजिनाचा श्वास कोंडतो. उंचवटा मोठा असेल तर नेमके उलट. होंडाने एकाच कॅमशाफ्टवर दोन्ही प्रकारचे उंचवटे बसवले. फेरे विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की इंजिन ऑइलच्या दाबाने एक खीळ सरकते आणि झडपांचा ताबा मोठ्या उंचवट्याकडे जातो. इंजिनाचा आवाज त्या क्षणी बदलतो, गाडी पुढे झेप घेते. १९८९ मध्ये जपानमधील इंटेग्रा या गाडीत होंडाने ही युक्ती पहिल्यांदा वापरली.

या रचनेतच जुनी सिटी तपासण्याची एक खूण दडली आहे. खीळ सरकते ती ऑइलच्या दाबाने. मालकाने ऑइल वेळेवर बदलले नसेल, त्याची पातळी खाली गेली असेल किंवा बारीक जाळीत गाळ साठला असेल, तर मोठा उंचवटा कामाला लागतच नाही. गाडी चालते, पण ती साधी सिटी म्हणून. विक्रेता ‘व्हीटेक आहे’ म्हणून चढी किंमत सांगतो आणि गल्लीतल्या एका फेरीत ते पारखता येत नाही. इंजिन नीट तापल्यावर, मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये फेरे वर नेऊन आवाजातील बदल ऐकला पाहिजे. तो ऐकू आला नाही तर ती किंमत देऊ नये.

सीडियाचा स्वभाव याच्या उलट. हिंदुस्थान मोटर्सने चेन्नईजवळच्या तिरुवल्लूर येथील कारखान्यात १९९८ पासून मित्सुबिशी लान्सर बांधली. तिची पुढची पिढी सीडिया या नावाने २००६ मध्ये बाजारात आली. तिचे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन ११५ अश्वशक्तीचे. रॅलीच्या जगात दबदबा निर्माण करणाऱ्या इव्होल्युशनच्या पहिल्या नऊ आवृत्त्यांत जे इंजिन होते, त्याच घराण्यातले हे. अर्थात टर्बोशिवायचे आणि बरेच सौम्य केलेले. ‘इव्होचेच इंजिन’ ही विक्रेत्यांची आवडती जाहिरात ऐकताना हा फरक विसरू नये.

सीडिया सिटीपेक्षा दीड-पावणेदोनशे किलोंनी तरी जड आहे. ताकद आणि वजन यांचा हिशेब मांडला तर दोघी जवळपास एकाच रेषेत येतात, किंबहुना सिटी किंचित पुढे. पण सीडियाचा जोर फेरे फारसे न वाढवताही मिळतो. सतत गिअर बदलावे लागत नाहीत. मागच्या चाकांची मल्टिलिंक रचना वळणावर गाडीला घट्ट धरून ठेवते आणि खड्ड्यांतही अंग फारसे हादरू देत नाही. राष्ट्रीय रॅली स्पर्धांत सीडिया अनेक वर्षे धावली ती याच गुणांवर. बोरघाटात चौघे बसलेले असताना सीडियाचा चालक निवांत असतो, तर सिटीच्या चालकाला इंजिन किंचाळत ठेवावे लागते. काहींना नेमके तेच हवे असते म्हणा.

चालवण्यातला आनंद एवढाच निकष असेल तर शहरात सिटी आणि महामार्गावर सीडिया, असे सरळ उत्तर देता येईल. खरेदीनंतरचा हिशेब तेवढा सरळ नाही.

कागदांचा खर्च

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये केले. जुनी सिटी व्हीटेक २००० ते २००३ या काळातली. म्हणजे अशी प्रत्येक गाडी या वरच्या गटात मोडते. सीडियांपैकी सर्वांत आधीच्या गाड्या २०२६ मध्ये त्या गटात जाऊ लागतात, उशिराच्या गाड्यांना अजून काही वर्षे आहेत. त्यामुळे गाडी पाहायला जाताना किंमत विचारण्याआधी नोंदणीची मुदत विचारावी. मुदत सहा महिन्यांत संपणारी सिटी आणि नुकतीच पासिंग झालेली सिटी यांच्या किमतीत फरक असलाच पाहिजे.

विम्यात मात्र पारडे फिरते. सक्तीच्या त्रयस्थ विम्याचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये, शिवाय जीएसटी वेगळा. अवघ्या सात सीसींनी सिटी खालच्या गटात राहते. सीडियाच्या मालकाला दरवर्षी दुपटीहून अधिक मोजावे लागतात. पाच वर्षांचा हा फरक बावीस हजारांच्या वर जातो. नूतनीकरण शुल्कात जे वाचले ते विम्यात कितीतरी पटींनी गेले.

आणखी एक गैरसमज. ‘पंधरा वर्षांनी पेट्रोल गाडी भंगारात’ हे दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी दिल्या गेलेल्या आदेशांमुळे पसरलेले वाक्य आहे. महाराष्ट्रात केवळ वयावरून अशी बंदी नाही. याच कारणाने दिल्लीकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. अशी गाडी घेताना तिकडची ना-हरकत, इकडचा कर आणि नवी नोंदणी यांचा खर्च धरला की ती स्वस्ताई बरीचशी विरून जाते. शक्यतो एमएच-४३ किंवा शेजारच्या ठाण्या-मुंबईच्या क्रमांकाचीच गाडी शोधावी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट आवश्यक आहे, तीही बसवलेली असावी.

सुटे भाग हा सीडियाचा दुखरा कोपरा. २०१० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीलाच ती बंद झाली आणि आज मित्सुबिशीची मोटार भारतात नवी मिळत नाही. इंजिनाचे भाग धुंडाळून सापडतात, पण हेडलाइट, बंपर, दरवाजाच्या काचा यांसाठी महिनोन्महिने थांबावे लागू शकते. सायन-पनवेल महामार्गावर कोणी मागून हलकीशी धडक दिली तरी गाडी तेवढे दिवस घरी. होंडा निदान देशात आहे आणि सिटी हे नावही अजून विकते आहे. जुन्या सिटीचे भाग दुकानात रांगेने लागलेले नाहीत, तरी ते ओळखणारा मेकॅनिक भेटण्याची शक्यता अधिक. तुर्भे-पवने औद्योगिक पट्ट्यातील गॅरेजांत चौकशी केल्याशिवाय दोहोंपैकी कशाचाही बयाणा देऊ नये.

इथेनॉलचा प्रश्न दोघींनाही सारखाच. २०२५ पर्यंत पंपांवरील पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे केंद्र सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. पेट्रोलच्या जुन्या नळ्या आणि सील घेतल्याबरोबर बदलून टाकणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा खर्च.

दोन्ही इंजिनांना टायमिंग बेल्ट आहे, साखळी नाही. तो तुटला तर झडपा पिस्टनवर आपटून इंजिन उघडण्याची पाळी येते. शेवटचा बेल्ट केव्हा बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच समजावे आणि तेवढी रक्कम किमतीतून कापून मागावी.

आणि गंज. खाडीकाठच्या या हवेत तो कोणालाच सोडत नाही. सिटीबाबत त्यात एक जुना धोका मिसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई परिसरातील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. त्या सुमारास बहुतेक सिटी व्हीटेक याच रस्त्यांवर होत्या. सीडिया त्यानंतर आली. जुन्या सिटीचे गालिचे उचलून, सीटखालचे बोल्ट आणि डिकीतील स्टेपनीची खाच पाहावी. रंग नवा आणि बोल्ट तांबूस असतील तर नमस्कार करून परतावे. एक्झॉस्ट, सायलेन्सर, रुंद टायर असे फेरफार केलेली गाडीही टाळलेली बरी. मूळ रचनेत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मागच्या मालकाची हौस नव्या मालकाच्या नावावर चढते ती अशी.

घरात एकच गाडी राहणार असेल आणि ती रोज बाहेर काढायची असेल, तर गंज न लागलेली, मुदत शिल्लक असलेली सिटी हीच कमी जोखमीची. महिन्यातून दोनदा पुणे किंवा कोकण गाठणाऱ्याने, भाग मिळेपर्यंत लोकलने जायची तयारी असेल तर, सीडिया घ्यावी. दोन्हींत सुरक्षेची साधने आजच्या गाड्यांच्या मानाने तुटपुंजीच आहेत. लहान मुलांना घेऊन महामार्गावर जाणाऱ्या कुटुंबाने एअरबॅग व एबीएस प्रत्यक्ष त्या गाडीत आहेत का ते स्वतः पाहावे, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि आपण पोहोचेपर्यंत इंजिन चालू करू नका, असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे बोलते, निळा धूर, टकटक किंवा अडखळणे, ते तापल्यावर लपते. बॉनेटला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.