उणे २७ जीव

वडप्यातली पोरं ट्रॅफिकचा व्हिडिओ गेम बनवतायत, असं कळलं म्हणून मी गेलो. मुंबई-नाशिक महामार्गावरच्या या गावात ट्रॅफिक हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माजिवड्यापासून इथपर्यंतचा रस्ता आठपदरी करण्याचं काम, जवळच आमण्याला समृद्धी महामार्गाचं टोक, आणि जिकडे बघावं तिकडे गोडाऊनं. गेममध्ये कोंबडी रस्ता ओलांडते आणि कंटेनर आडवे येतात. १९८१च्या ‘फ्रॉगर’मधला बेडूकही हेच करायचा. या पोरांनी तो बेडूक पाहिलेला नाही, कोंबड्या मात्र रोजच्या.

दोन लॅपटॉप, त्यांभोवती आठ-दहा मुलं. शिकवणाऱ्या दादाने ‘स्क्रॅच’ उघडून दिलं. एमआयटीने २००७ साली मुलांसाठी आणलेली ही भाषा फुकट आहे. सूचनांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडत जायचे. कोंबडी काढणं, रस्ता रंगवणं, बाणाच्या बटणांनी तिला चालवणं, सगळं पटापट झालं.

घोडं अडलं ते जीवांपाशी. सहावीतल्या एका मुलीने कोंबडीला तीन जीव दिले. कंटेनरचा धक्का लागला की एक वजा. कंटेनर अंगावरून गेला आणि कोपऱ्यातला आकडा ३ वरून थेट उणे २७ झाला. पोरं हसून लोळली. ती मात्र पडद्याकडे रागाने बघत होती.

“दादा, मी एकच वजा करायला सांगितलं होतं!”

“सांगितलंस एकदाच. पण ‘कायम करत राहा’च्या ठोकळ्यात ठेवून सांगितलंस. तो सेकंदाला ३० वेळा बघतो, धक्का लागलाय का म्हणून.”

सेकंदाला ३० वेळा! तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. कंटेनर जायला सेकंदभर लागला, तीनातून तीस गेले. पूर्णांक संख्यांचा धडा सहावीच्या गणितात आहेच, पण तिथे उणे आकडे रेषेवर गुमान बसलेले असतात.

दादा उत्तर सांगेना. माझ्याच तोंडावर आलं होतं, पण मी गप्प बसलो. एक मुलगा म्हणाला, नव्वद जीव देऊ. दुसऱ्याने कंटेनरचा वेग वाढवला, तर आकडा उणे ७ वर थांबला. तिथे ती मुलगी चमकली. म्हणजे ३० वेळा बघणं चालूच राहणार. धक्का किती वेळ टिकतो, ते आपल्या हातात आहे. तिने एक ठोकळा आणखी लावला: धक्का लागताच कोंबडी परत रस्त्याच्या कडेला. पुन्हा कंटेनर आला. जीव २.

शहरात कोडिंगच्या क्लासांच्या जाहिराती असतात, पोरगा शाळेतच ॲप विकून मोठा होईल म्हणणाऱ्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग आलंय. त्या जाहिरातींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण या पाऊण तासावर बसला. सेमूर पेपर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा केली, ती मुलाने यंत्राला शिकवावं म्हणून. यंत्र शब्दाला शब्द ऐकतं, त्यामुळे आपण नेमकं काय बोललो ते तोंडावर येऊन आदळतं. २००७ सालीच कर्जतजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत पेपर्टच्याच विचारातून आलेले छोटे लॅपटॉप मुलांच्या हाती पडले होते. वडप्यात दहा जणांत दोन आहेत, आणि पाळीवरून भांडणं होतात.

मुलीचे वडील गोडाऊनमध्ये लोडिंगला आहेत. शिफ्ट सुटल्यावर ते तिला न्यायला आले, मागे उभे राहून बघू लागले.

“एवढ्या जोरात कुठला कंटेनर जातो गं आपल्याकडे?”

तिने वेग १० वरून २ वर आणला.

“हां, आता बरोबर.”

“पण बाबा, आता कुणी हरणारच नाही!”

मग तिने कंटेनर वाढवायला घेतले. सहा झाले, दहा झाले, शेवटी कोंबडीला पाऊल ठेवायला जागा उरली नाही. तेवढ्यात मागच्या पोराने लॅपटॉप ओढून घेतला. त्याची पाळी केव्हाच आली होती.