कागदांतील मिती व संगणकांतील तारीख

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत मितीचें महत्त्व काय आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. श्रीशिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद पिढ्यान्पिढ्या चालला, तो सर्वांच्या स्मरणांत आहेच. परंतु अलीकडे दप्तरांच्या सूची संगणकावर चढविण्याचें काम ठिकठिकाणीं चालू झालें असून, तें करणारे आज्ञावलीकार गणितांत निष्णात असले तरी मोडी कागदाशीं त्यांची गांठ प्रथमच पडते; आणि ज्यांस कागद कळतो त्यांस बहुधा आज्ञावली कळत नाहीं. या दोहोंच्या मध्यें मितीची जी हानि होते, ती उदाहरणांनीं दाखवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कांहीं दिवसांपूर्वीं अशी एक सूची पाहत असतां राज्याभिषेकाच्या नोंदीपुढें ‘बुधवार’ असा वार आढळला. सूचीकारानें तो लिहिला नव्हता. त्यानें केवळ ६ जून १६७४ ही तारीख रकान्यांत भरली होती. वार यंत्रानें आपण होऊन काढला होता. जेधे शकावलींत या प्रसंगीं शुक्रवार दिला आहे, आणि जुन्या इंग्रजी गणनेनें ६ जूनला शनिवार येतो. मग हा बुधवार कोठून आला?

त्याचें मूळ इ. स. १५८२ त आहे. त्या वर्षीं पोप तेरावा ग्रेगरी याच्या आज्ञेनें ४ आक्टोबरच्या दुसऱ्या दिवसास १५ आक्टोबर म्हणण्यांत आलें व दहा दिवस गाळले गेले. कॅथॉलिक राष्ट्रांनीं ही सुधारणा लवकर घेतली. इंग्लंडनें ती १७५२ च्या सप्टेंबरांत, २ तारखेनंतर एकदम १४ तारीख धरून, घेतली. म्हणून शिवकालीन इंग्रजी पत्रांतील तारखा जुन्या, म्हणजे ज्यूलियन, गणनेच्या आहेत, आणि आमच्या इतिहासकारांनीं १७५२ पूर्वींच्या तारखा देतांना सामान्यतः तीच गणना राखिली आहे. १९ फेब्रुवारी १६३० आणि ६ जून १६७४ या दोन्ही तारखा जुन्या गणनेच्या होत; नव्या गणनेनें त्या अनुक्रमें १ मार्च व १६ जून होतात. बाजीराव पेशवे रावेरखेडी येथें वारले ती २८ एप्रिल १७४० ही तारीखही जुनीच. पण सन १७०० च्या फेब्रुवारीनंतर दोन गणनांमधील अंतर अकरा दिवसांचें झालें असल्यामुळें ती नव्या गणनेनें ९ मे होते.

आतां संगणकाकडे पाहूं. पायथन, जावास्क्रिप्ट, तसेंच पोस्टग्रेस हें माहिती साठविण्याचें साधन, ही सर्व मंडळी ग्रेगरी गणना १५८२ च्या मागेंही तशीच अखंड नेतात. त्यांच्या लेखीं दहा दिवस कधीं गाळलेच गेले नाहींत. म्हणून ‘१६७४-०६-०६’ असें लिहिलें कीं यंत्र राज्याभिषेकाच्या दहा दिवस आधींचा दिवस समजतें. दहा दिवसांत वार तीन मागें जातात, आणि शनिवारचा बुधवार होतो. त्याच न्यायानें शिवजन्माचा शुक्रवार मंगळवार होतो. जावा भाषेंतील जुनें पंचांग १५८२ च्या आक्टोबरांत गणना बदलतें, परंतु तेंही आपणांस उपयोगी नाहीं. कारण सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनीं ती त्या सालीं बदलली नव्हती. सीमेची तारीख हातानें बदलण्याची सोय तेथें आहे, पण ती बदलावी लागते हें ठाऊक असलेला मनुष्य विरळा.

सुरतेचें नांव निघालें म्हणून तेथील गोष्ट सांगतों. एकाच शहरांत इंग्रज व डच यांच्या वखारी जवळजवळ होत्या. इंग्रज जुनी गणना पाळीत, डच नवी. शिवाजीमहाराज सुरतेवर आले तो ६ जानेवारी १६६४ चा बुधवार डचांच्या वहींत १६ जानेवारी होतो. शिवाय इंग्रजांचें वर्ष त्या काळीं २५ मार्चला सुरू होई. त्यामुळें त्यांच्या मूळ कागदांत जानेवारी १६६४ ऐवजीं जानेवारी १६६३ असेंच आढळावयाचें. हे दोन्ही कागद एकाच रकान्यांत जसेच्या तसे भरले तर एका स्वारीच्या दोन स्वाऱ्या होतील, आणि त्यांत एक वर्षाचें अंतर पडेल.

पण यंत्राचा बुधवार काढून टाकला तरी जेध्यांचा शुक्रवार व इंग्रजी शनिवार यांचा मेळ राहतोच. येथें दोघांपैकीं कोणाचीही चूक नाहीं. शकावलीप्रमाणें तीन घटिका रात्र उरली असतां महाराज सिंहासनीं बसले. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. तेव्हां ती पहाट शुक्रवारचीच. इंग्रजी दिवस मध्यरात्रीं बदलतो. तेव्हां तीच पहाट शनिवारची. तिथीचेंही तेंच. शुक्रवारीं सूर्योदयीं द्वादशी होती, ती एकवीस घटिकांच्या पुढें संपली व त्रयोदशी लागली. म्हणून एका ठिकाणीं द्वादशी व दुसऱ्या ठिकाणीं त्रयोदशी मिळते, आणि दोन्ही खऱ्या. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हा ६ तारखेस सकाळीं सात-आठच्या सुमारास दरबारीं गेला, तेव्हां महाराज सिंहासनावर बसलेले त्यास दिसले. तेंही याशीं जुळतें. परंतु ‘वार जुळत नसेल तर तारीख एक दिवस मागें घ्यावी’ अशी सरळ आज्ञा ज्यानें लिहिली असेल, त्याचें यंत्र राज्याभिषेक ५ जूनला नेऊन ठेवील. वाराचा ताळा हें आमचें सर्वांत खात्रीचें साधन. तें यंत्राच्या हातीं देतांना दिवसाचा आरंभ कोठें धरला हेंही त्यास सांगितलें पाहिजे.

याहून बिकट प्रकरण सुहूर सनाचें आहे. पेशवाईंतील पत्रांवर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ अशा अरबी शब्दांनीं वर्ष लिहिलेलें असतें, एकं आधीं, मग दहं, मग शंभर व हजार, म्हणजे ११६१. सबा म्हणजे सात व सबैन म्हणजे सत्तर, सीत म्हणजे सहा व सितैन म्हणजे साठ, असे हे शब्द एकमेकांस इतके जवळचे आहेत कीं घाईच्या मोडींत एक मात्रा निसटली तर दशकेंच्या दशकें बदलतात. पण हा दोष वाचणाराचा. तो सुधारतां येतो. वर्ष मृगावर, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रीं येतो तेव्हां, सुरू होतें. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले कीं इसवी सन येतो. एवढा नियम कोणत्याही आज्ञावलीकारास दहा ओळींत लिहितां येईल, आणि तो लिहितोही. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध ८ बुधवार, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१. ११६१ त ६०० मिळविले, उत्तर बरोबर आलें, आणि आज्ञावली तपासून झाली असें तो समजतो.

मेख महिन्यांत आहे. वर्ष सौर, पण पत्रांत दिलेला महिना व त्याची तारीख, म्हणजे ‘छ’ या अक्षरापुढील अंक, मुसलमानी चांद्र महिन्याची. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचें, सौर वर्ष ३६५ दिवसांचें. यावरून उघड आहे कीं प्रत्येक सुहूर वर्षांत दहा-अकरा तारखा अशा असतात कीं त्या त्याच वर्षांत दोन वेळां येतात, एकदां मृगानंतर लगेच आणि पुन्हां पुढच्या मृगाच्या तोंडावर. उदाहरणार्थ, ‘छ २५ सव्वाल, सन इहिदे सितैन मया व अलफ’ अशी मिती घेऊं. ती सुमारें १० जून १७६० होते. आणि सुमारें ३० मे १७६१ हीसुद्धां होते. दोन्ही दिवस ११६१ सालांतच पडतात. या दोहोंच्या मध्यें पानिपत आहे! पहिल्या दिवशीं भाऊसाहेब व विश्वासराव फौजेसह उत्तरेच्या वाटेवर आहेत. दुसऱ्या दिवशीं दोघेही नाहींत, आणि नानासाहेबांचें आयुष्य महिन्याभराचेंही उरलेलें नाहीं, कारण ते २३ जून १७६१ रोजीं वारले. अशा मितीच्या पत्रांत ‘उत्तरेची फौज’ असे दोन शब्द आले तर त्यांचा अर्थ कोणत्या दिवसावर लावावयाचा? वाचक संशोधक मजकूर पाहून, हस्ताक्षर पाहून, क्वचित् वार दिला असल्यास त्यावरून निर्णय करील; पहिला दिवस मंगळवारचा, दुसरा शनिवारचा. यंत्र मात्र एक प्रश्न विचारला कीं एकच उत्तर देतें, व तें कोणतें दिलें हें आज्ञावलीच्या लेखकानें कोणता महिना आधीं तपासला यावर अवलंबून असतें. येथें दोन उत्तरें परत देणारी आज्ञावली हीच बरोबर आज्ञावली होय.

वरील दोन्ही तारखांस मीं ‘सुमारें’ म्हटलें तें उगाच नव्हे. मुसलमानी महिना चंद्रदर्शनावर चालतो. त्यामुळें शुद्ध पक्षांत तिथीच्या अंकाहून तो अंक एक-दोनानें कमी असतो, आणि एक दिवसाचा फेर सहज पडतो. संगणकांत हिजरी गणना तयार मिळते, पण ती एक नसून अनेक आहेत. गणिती कोष्टकाच्याच दोन जाती असून एक १५ जुलै ६२२ पासून व दुसरी १६ जुलैपासून मोजते. कोणतीही घेतली तरी महाराष्ट्रांत त्या सायंकाळीं ढग होते कीं नाहीं हें तिला ठाऊक नसतें.

शकाचेंही असेंच तयार सोंग मिळतें. संगणकाच्या पंचांगांच्या यादींत ‘भारतीय’ या नांवाचें एक पंचांग असतें. तें पाहून आनंद होतो, पण तें भारत सरकारनें २२ मार्च १९५७ पासून चालू केलेलें राष्ट्रीय सौर पंचांग होय. त्यांतही शके आहे, चैत्र-फाल्गुन आहेत. परंतु तिथि नाहीं, पक्ष नाहीं, अधिक मास नाहीं. शके १५५१ फाल्गुन वद्य ३ त्यांत घालूं गेल्यास वद्य पक्षास तेथें जागाच नाहीं. तिथीसाठीं सिवेल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ चा ग्रंथ किंवा स्वामीकण्णू पिल्ले यांची १९२२ चीं कोष्टकें यांचाच आधार घ्यावा, किंवा तितक्या काळजीनें नवें गणित करावें.

घटकापळांचें तासमिनिटांत रूपांतर करूं जाणाराची आणखी एक फसगत होते. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटें. जूनमध्यें रायगडावर स्थानिक वेळेनें सूर्योदय साडेपांचाच्या आंत होतो. म्हणजे सिंहासनारोहण सव्वाचारच्या सुमारास. संगणकांत सर्व भारतासाठीं ‘आशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे, आणि १८५४ पूर्वींच्या काळास ती कोलकात्याची स्थानिक वेळ, म्हणजे ग्रिनिचहून ५ तास ५३ मिनिटें २८ सेकंद, लावते. रायगड व कोलकाता यांच्या सूर्योदयांत एका तासाचें अंतर आहे. तेव्हां या नोंदीनें रायगडावरील प्रसंग ग्रिनिच वेळेंत नेला तर सुमारें अडीच घटिकांची चूक पदरांत पडते. आजची भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. आणि मुंबई शहर त्यानंतरही अनेक वर्षें तिच्या मागें ३९ मिनिटें असलेली आपली वेळ पाळीत होतें, हें त्या नोंदींत नाहीं.

तारखेच्या तयार रकान्यांच्या मर्यादाही पाहण्याजोग्या आहेत. एक्सेल १९०० च्या मागची तारीख तारीख म्हणून घेतच नाहीं, आणि १९०० सालीं नसलेली २९ फेब्रुवारी मात्र दाखवितें. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील जुना तारखेचा रकाना १ जानेवारी १७५३ पासून सुरू होतो. कारण इंग्लंडची गणना १७५२ त बदलली, आणि त्या भानगडींत न पडण्याचें त्याच्या कर्त्यांनीं ठरविलें. ही कबुली प्रामाणिक म्हणावयाची. पण तीमुळें शिवकाल समग्र बाहेर राहतो.

मग नोंद करावी कशी? माझ्या मतें कागदांतील मिती अक्षरशः, तिच्या चुकांसह, एका रकान्यांत मजकूर म्हणून ठेवावी, व तीस कोणीही कधींही हात लावूं नये. दुसऱ्या रकान्यांत ती कोणत्या गणनेची तें लिहावें: शालिवाहन, राज्याभिषेक, सुहूर, फसली, हिजरी, इंग्रजी जुनी, इंग्रजी नवी. तारखेच्या जागीं तारीख न ठेवतां दिवसांचा अंक ठेवावा. आपल्या करणग्रंथांतील अहर्गणासारखाच युरोपांतील ज्योतिष्यांचा एक ज्यूलियन दिनांक आहे. तो ख्रिस्तपूर्व ४७१३ च्या १ जानेवारीपासून ओळीनें चालत येतो व त्यास महिना, अधिक मास, गाळलेले दिवस यांपैकीं कशाचीच बाधा नाहीं. राज्याभिषेकाच्या शुक्रवारचा अंक २३३२६४२, शनिवारचा २३३२६४३. सातानें भागून बाकी शून्य उरली तर सोमवार, चार तर शुक्रवार, पांच तर शनिवार. ताळा कागद-पेन्सिलीनेंही करतां येतो. असा अंक एक नव्हे, दोन ठेवावे: लवकरांत लवकरचा व उशिरांत उशिराचा. मिती निश्चित असेल तेथें दोन्ही सारखे येतील. राज्याभिषेकासारख्या पहाटेच्या प्रसंगीं एकाचा फरक राहील. केवळ वर्ष दिलें असेल तेथें सुमारें वर्षभराच्या दिवसांचा. सुहूर सनाच्या जोडतारखांस मात्र दोन वेगवेगळ्या नोंदी कराव्या, व त्यांतील एक पुढें कोणी खोडली तर कोणत्या पुराव्यावरून तें तेथेंच लिहावें. ‘१६७४-०६-१६’ हें रूप वाचकापुढें छापतांना अंकांवरून तयार करावें आणि त्यापुढें ‘नवी गणना’ हे शब्द, जागा कितीही कमी असली तरी, गाळूं नयेत.

वर उल्लेखिलेल्या सूचींतील बुधवार दुरुस्त झाला आहे. परंतु त्या सूचींत १७५२ पूर्वींच्या इंग्रजी पत्रांच्या इतर ज्या नोंदी आहेत, त्यांतील कोणत्या जुन्या गणनेच्या म्हणून भरल्या व कोणत्या आधींच नव्या गणनेंत बदलून भरल्या, हें आतां रकान्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं मूळ कागद एकेक करून पुन्हां काढावे लागत आहेत.