नांगर नसेल, तर चुना कधी द्यावा?
महाड-पोलादपूरची तांबडी जांभी माती आम्ल असते. मुसळधार पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. मागे उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. खाचरात पाणी साचलं की सामू आपोआप चढतो, म्हणून भात निभावतं. पाणी ओसरल्यावर पेरलेल्या वालाला मात्र त्रास होतो: आम्ल मातीत मुळांवरच्या गाठी नीट धरत नाहीत.

रायगडातच, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या ‘सगुणा राइस तंत्रा’त चिखलणी नाही. गादीवाफे कायम राहतात, कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजतात आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. ही मोठीच कमाई. पण नांगरट नसल्याने चुना मातीत मिसळत नाही, वरून टाकलेला खाली फार सावकाश उतरतो. म्हणून वाफे पहिल्यांदा बांधतानाच, माती परीक्षणात सांगितलेल्या मात्रेने, चुना किंवा डोलोमाइट मिसळून घ्या. अशी संधी पुन्हा येत नाही. पुढे थोडा थोडा वरून द्या. युरियाने वाढणारी आम्लता वरच्या थरात साचते, तेव्हा वरच्या दोन-तीन इंचांचा नमुना वेगळा काढा. चुलीची राखही आम्लता कमी करते. ती उकिरड्यात नको, वाफ्यावर पसरा.