सगळ्यांच्या घरचा पाळक, स्वतःच्या घरी कधी?

रविवारी सकाळची उपासना संपली आणि चर्चच्या ओट्यावर लिलाव सुरू झाला. बाजरीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला गावरान कोंबडा आणि एक तांबडा भोपळा. भोपळ्याची बोली दहा रुपयांवर निघाली ती दीडशेवर जाऊन थांबली. ज्याने घेतला त्यानेच तो उचलून पुन्हा ओट्यावर ठेवला. भोपळा दुसऱ्यांदा विकला गेला.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, दीडशे रुपयांचा भोपळा? पण हा बाजार नव्हे. हा ख्रिस्ती मंडळींचा कापणीचा सण. शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं देवाला द्यायचं, आणि त्याच्या लिलावातून चर्चचा खर्च भागवायचा, अशी रीत. मोटेवर जशी गाणी चालत तशी इथे बोली चालते. बोली पुकारत होते पाळकसाहेब. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, घसा बसलेला. लिलाव आटोपला, माणसं पांगली, आणि हा माणूस न जेवताच मोटारसायकलला किक मारून निघाला. पुढच्या गावात एक म्हातारी अत्यवस्थ होती.

आजचा लेख या माणसाबद्दल आहे. गावाचं नाव देत नाही, पाळकांचंही नाही. कारण गोष्ट एकाची नाही, बऱ्याच गावांतली आहे.

आधी थोडं मागे जाऊ. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं मांडलं. ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक इथेच १८४२ साली निघालं. पुढे नेवासे, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या भागांत खेडोपाडी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांत मोठा भरणा गावकुसाबाहेरच्या माणसांचा, मजुरांचा आणि लहान शेतकऱ्यांचा. वेगवेगळ्या मिशनांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. कॅथलिक लोक वेगळे. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते ती त्यांची.

इथे गावातल्या पुढाऱ्यांचा आणि कर्मचाऱ्यांचाही एक घोळ होतो. कॅथलिकांचे धर्मगुरू ते ‘फादर’. ते लग्न करीत नाहीत. प्रोटेस्टंट मंडळीचा तो ‘पाळक’. त्याला बायको असते, पोरं असतात, किराण्याची उधारी असते. पाळक म्हणजे मेंढरं राखणारा. आता मेंढपाळाचं दुखणं शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मेंढरं राखायची म्हणजे घर सोडून रानात राहायचं.

आठवड्याचे सात दिवस

रविवारी दोन गावांत उपासना, त्याआधी पोरांची संडे स्कूल. मधल्या वारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. शुक्रवारी उपास-प्रार्थना. बाप्तिस्मा, लग्न, मयत याला वार नसतो. नगरच्या दवाखान्यात कुणी भरती झालं की त्याच्या उशाशी बसायला पाळक पाहिजे. नवऱ्याने दारू पिऊन बायकोला घराबाहेर काढलं की रात्री अकराला फोन पाळकाला. पूर्वी निदान सायकलवर निरोप यायला वेळ लागायचा. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे.

दिवाळीनंतर अर्धी मंडळी ऊसतोडीला जाते. मग पाळकाने कारखान्याच्या फडावर जायचं, कोप्यांसमोर सतरंजी टाकून प्रार्थना घ्यायची. नाताळ बऱ्याच जणांचा तिथेच होतो. गावातलं चर्च मात्र तेव्हा म्हाताऱ्या माणसांवर चालतं. तरुण पोरं पुण्याला, चाकणला कामाला गेली. अर्पणाच्या थैलीत पूर्वी पायली-दोन पायली धान्य यायचं, आता नोटा येतात, पण हात कमी झाले. पाळकाचा पगार बहुतेक या थैलीवरच अवलंबून. पाऊस चुकला की तुमचा हप्ता थकतो, तसा त्याचा पगार थकतो. त्यात ठराविक वर्षांनी बदली.

कॅलेंडरवरचा हिशेब

पाळक म्हातारीकडे गेले होते तेव्हा मी त्यांच्या घरी थांबलो. चर्चमागच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. पाळकीणबाईंनी चहा टाकला. भिंतीवर कॅलेंडर होतं. तुमच्या-आमच्या घरी असतं तसंच, तारखेच्या चौकोनात दुधाचे आकडे. पण काही चौकोनांत लाल पेनाने एक छोटी फुली होती.

‘‘बाई, या फुल्या कशाच्या?’’

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘भाऊ, ज्या दिवशी हे रात्रीला घरी जेवले, त्या दिवशीची फुली. भांडायला नको म्हणून लिहून ठेवलं. तोंडानं सांगितलं की हे म्हणायचे, तू वाढवून सांगतेस.’’

मी मोजल्या. त्या महिन्यात सहा होत्या.

बाई सांगत होत्या त्यात तक्रारीचा सूर नव्हता, हिशेबाचा होता. महिला मंडळ त्यांनीच चालवायचं, आल्या-गेल्याचा चहा त्यांनीच करायचा, संडे स्कूलही त्यांच्याकडे. या कामाला पगार नाही आणि नावही नाही. बदल्यांपायी मोठ्या मुलाच्या तीन शाळा झाल्या. दहावीच्या फॉर्मवर सही करायला बाप तीन दिवस सापडला नाही. शेवटी पोरानेच उपासनेच्या आधी फॉर्म नेऊन वेदीजवळ त्यांच्या हातात दिला. त्यानंतर पोरगं चर्चला यायचं बंद झालं.

मग मंडळीत कुजबुज. पौलाने तीमथ्याला लिहिलंय, ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार. ते वचन नेमकं अशा वेळी लोकांना पाठ असतं. त्या घराचा वेळ कुणी घेतला, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

पाळकसाहेब परत आल्यावर मी सरळच विचारलं. ते म्हणाले, ‘‘साहेब, मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगायचो, बायको-पोरांना वेळ द्या. एका रात्री दोघा भावांचं भांडण मिटवून बाराला घरी आलो. हिनं काही न बोलता कॅलेंडर दाखवलं. त्या रात्री मला प्रार्थना सुचली नाही.’’

टिळकांच्या घरातली गोष्ट

हे दुखणं आजचं नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. संसार तुटला, मूल आईजवळ राहिलं. जवळजवळ पाच वर्षं नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. पुढे त्या नगरला आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या मनाने. छप्पनच्या दुष्काळाचे ते दिवस. या जोडप्याने दुष्काळातली अनाथ पोरं घरात घेतली. नगर-राहुरी भागात टिळकांनी भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगितला. आज मंडळीत टाळ-मृदंगावर भजनं होतात त्यामागे त्यांचं काम आहे.

पण लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं की दुसरी बाजू कळते. टिळकांचा तापट स्वभाव, हाती आलेला पैसा वाटून मोकळं होणं, आणि मागे चूल कशी पेटवायची ते बाईंनी पाहणं, हे सगळं त्यांनी हसतखेळत पण लपवाछपवी न करता लिहिलं. १९३४ पासून ते पुस्तक निघू लागलं. म्हणजे काय, मोठ्या भक्ताच्या घरीसुद्धा संसार आपोआप चालत नाही. कुणीतरी तो ओढत असतं.

बांधावरचं भांडण आणि कायदा

पाळकाच्या डोक्यावरचं एक ओझं असं आहे की ते मुळात त्याचं नाहीच. ते म्हणजे वाटणीची आणि नवरा-बायकोची भांडणं. गावातल्या पंचांनी आणि तलाठी भाऊसाहेबांनी इथे जरा लक्ष द्यावं.

ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या जमिनीला हिंदू वारसा कायदा लागत नाही. १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मागे पत्नी आणि मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश. उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या मुलांना सारखं, मुलगा असो वा मुलगी, लग्न झालेली असो वा नसो. सहा एकर जमीन, बायको आणि चार मुलं असतील तर बायकोला दोन एकर आणि प्रत्येक मुलाला एकेक एकर. इतकं सोपं गणित आहे. पण वारसनोंदीच्या वेळी मुलींची नावं राहतात, पुढे भाऊ-बहीण बोलेनासे होतात, आणि चर्चमध्ये एक या बाकावर, दुसरी त्या बाकावर. दोघांचीही अपेक्षा एकच, की पाळकाने आपल्या बाजूने बोलावं. एकाच्या बाजूने बोललं की दुसरं घर अर्पण देणं बंद करतं. नोंद पहिल्याच वेळी बरोबर झाली तर ही भांडणं उभी राहणार नाहीत.

लग्नाचंही तसंच. चर्चमध्ये लागलेलं लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे चर्चच्या रजिस्टरला नोंदलं जातं. ते लावणारा पाळक परवानाधारक किंवा कायद्याने अधिकार असलेला हवा. पाळक लग्न लावू शकतो, मोडू शकत नाही. गावात पंचांपुढे लिहिलेली फारकत ख्रिस्ती जोडप्याला उपयोगाची नाही, कोर्टातच जावं लागतं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात बाईवर मोठा अन्याय होता. नवऱ्याचा केवळ छळ सिद्ध करून तिची सुटका होत नसे, त्याच्या जोडीला व्यभिचारही सिद्ध करावा लागे. २००१ साली दुरुस्ती झाली, बाईला पुरुषाच्या बरोबरीने कारणं मिळाली आणि परस्परसंमतीची वाटही उघडली. तेव्हा मार खाणाऱ्या बाईला ‘प्रार्थना कर, सहन कर’ एवढंच सांगून परत पाठवणं बरोबर नाही. प्रार्थना करावी, पण पोलीस पाटलाला आणि वकिलालाही कळवावं. ज्या पाळकाला हे ठाऊक आहे तो अर्ध्या भांडणांना योग्य दार दाखवतो आणि स्वतः मोकळा होतो.

मोशेच्या सासऱ्याचा सल्ला

आमच्या या गावात पुढे काय झालं ते सांगतो. कॅलेंडर पाहिल्यावर पाळकसाहेबांनी ते भिंतीवरून काढलं आणि पंचकमिटीच्या बैठकीत सगळ्यांपुढे ठेवलं. म्हणाले, एवढंच दाखवायचं होतं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक जुने पंच उठले. त्यांनी बायबलातली मोशेची गोष्ट काढली. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसे. सासरा यित्रो पाहुणा म्हणून आला, त्याने हे पाहिलं आणि जावयाला सांगितलं, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. भरवशाची माणसं निवड, लहान कामं त्यांच्याकडे दे. शेताच्या भाषेत सांगायचं तर एकाच बैलावर जू ठेवून नांगर चालत नाही.

मग ठरलं असं. सोमवार हा पाळकाचा सुट्टीचा. त्या दिवशी मयत किंवा दवाखाना सोडून फोन करायचा नाही. आजाऱ्यांच्या भेटी पंचांनी वारीप्रमाणे वाटून घ्यायच्या. पगार ठरल्या तारखेला, थैली कमी भरली तर कापणीच्या फंडातून. आणि संडे स्कूल दोन शिकलेल्या सुनांकडे.

सगळं गोड झालं असं नाही. एक घर रुसलं. ‘आमच्याकडे पाळक न येता पंच आला’ म्हणून ते दुसऱ्या प्रार्थना-गटाला जाऊ लागलं. मुलगाही अजून दर रविवारी चर्चला येत नाही. पण सोमवारी बाप-लेक मिळून मोटारसायकल धुतात, एवढं बाईंनी सांगितलं. मी निघताना नवं कॅलेंडर पाहिलं. चालू महिन्यात फुल्या चौदा होत्या. आणि महिना संपायला अजून आठ दिवस होते.

वाचकहो, तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, गावात असं एखादं माणूस असतंच. कुठे पाळक, कुठे मंदिराचा महाराज, कुठे सरपंच, कुठे आशाताई. रात्री-अपरात्री आपण त्यांचंच दार वाजवतो. यापुढे वाजवण्याआधी एवढंच मनाशी विचारा, की हे काम उद्या सकाळी चालेल का, आणि शेजारच्याच कुणाकडून होईल का. चालण्यासारखं असेल तर परत फिरा. त्या घरात कदाचित त्या दिवशीची फुली पडायची राहिली असेल.