मूठभर गूळ, चिमूटभर मीठ

लोकांच्या आरोग्यावर होणारा खर्च हा दानधर्म नसून गुंतवणूक आहे, हा विचार जागतिक बँकेने १९९३ च्या विकास अहवालात ठळकपणे मांडला आणि त्यासाठी एक नवे मोजमापही वापरले. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारपणात किंवा अपंगत्वात गेलेली वर्षे यांची बेरीज करून प्रत्येक रोगाचा समाजावरील भार काढायचा, आणि तो एका वर्षाने हलका करण्यासाठी कोणत्या उपायाला किती पैसे लागतात हे ताडून पाहायचे, अशी ती पद्धत होती. या हिशेबात महागडी यंत्रसामग्री मागे पडते आणि लसीकरणासारखे साधे उपाय पुढे येतात. परंतु स्वस्त उपाय सापडला तरी तो घराघरांत रुजवायला काय लागते, हे या हिशेबातून कळत नाही; ते कळण्यासाठी अतिसारावरील जलसंजीवनीचा, म्हणजेच ओआरएसचा, बांगलादेशातील इतिहास पाहावा लागतो.

अतिसारात मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजून ही तूट भरून निघत नाही. मात्र पाण्यात योग्य प्रमाणात मीठ आणि ग्लुकोज असेल, तर आतड्याच्या पेशी ते दोन्ही एकत्र शोषून घेतात, त्यांच्यामागोमाग पाणीही आत जाते, आणि जुलाब चालू असतानाही ही क्रिया बंद पडत नाही. १९६८ मध्ये ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर या द्रावणाचा यशस्वी प्रयोग झाला. पुढे १९७१ च्या मुक्तियुद्धात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची भुकटी पाण्यात कालवून ते द्रावण पिंपांत भरले व रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच पाजवले. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत चार टक्क्यांच्याही खाली आले. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते मात्र २०२३ मध्ये, मरणोत्तर.

औषध सिद्ध झाले, तरी बांगलादेशाच्या खेड्यांत पाकिटे पोहोचवण्याची सोय नव्हती. फझले हसन अबेद यांच्या ब्रॅक या संस्थेने म्हणून पाकिटाचा नादच सोडला आणि तीन बोटांच्या चिमटीतले मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी हे घरच्या घरी जमणारे प्रमाण ठरवले. गुळाची निवड शास्त्रालाही धरून होती, कारण जुलाबात कमी होणारे पोटॅशियम त्यात असते. १९८० ते १९९० या काळात संस्थेच्या महिला कार्यकर्त्यांनी एक कोटीहून अधिक घरी जाऊन आयांकडून हे पाणी प्रत्यक्ष करवून घेतले.

या मोहिमेचे खरे वैशिष्ट्य तिच्या पगारपद्धतीत होते. शिकवून झाल्यावर काही आठवड्यांनी दुसराच तपासनीस निवडक घरांत जाई, आईला किती आठवते ते विचारी, तिने केलेल्या पाण्याचा नमुना तपासणीसाठी घेई, आणि तिला मिळालेल्या श्रेणीवर शिकवणारीचे मानधन ठरे. आईला काहीच आठवत नसेल, तर त्या घराचे पैसे मिळत नसत. किती घरे झाली यापेक्षा घरात काय उरले याला पैसे मोजणारी ही पद्धत आजच्या पुष्कळ सरकारी योजनांहून अधिक चोख म्हणावी लागेल. तरीही पहिल्या टप्प्यात निराशाच पदरी पडली. आया पाणी बिनचूक करत, पण मूल आजारी पडले की पाजत मात्र फार थोड्या. शोध घेतल्यावर दिसले की खुद्द कार्यकर्त्यांपैकीच अनेकींचा त्यावर विश्वास नव्हता, आणि घरातले निर्णय घेणाऱ्या पुरुषांना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. त्यानंतर कार्यकर्त्यांना त्यामागचे शास्त्र नीट समजावून देण्यात आले, आणि पुरुषांशी बाजारात व मशिदीत बोलणे सुरू झाले. आज बांगलादेशात अतिसार झालेल्या बहुसंख्य बालकांना ओआरएस मिळते. जगात १९८० च्या सुमारास अतिसाराने वर्षाला चाळीस लाखांहून अधिक बालके दगावत, तो आकडा आता पाच लाखांच्या आसपास आला आहे. स्वच्छ पाणी, पोषण आणि लसी यांचाही त्यात वाटा आहेच.

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार अतिसार झालेल्या सुमारे साठ टक्केच बालकांना ओआरएस मिळाले. असे का होते, याचा शोध कर्नाटक आणि बिहारमधील एका अभ्यासात घेण्यात आला, आणि त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित व्यक्तींना आजारी मुलाचे वडील म्हणून खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे पाठवले असता दिसून आले की साठा नसणे किंवा इतर औषधांच्या विक्रीतला नफा ही कारणे तुलनेने किरकोळ होती. ओआरएस पालकांना नकोच असते, ही व्यावसायिकांची समजूत हेच सर्वांत मोठे कारण ठरले, आणि ज्या ‘वडिलां’नी ते आपणहून मागितले त्यांना ते मिळण्याचे प्रमाण बरेच वाढले.