न काढलेल्या रेघा

घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांनी दिलेली, सांधेदुखीची दुसऱ्यांनी. प्रत्येक गोळी स्वतंत्रपणे पारखलेली असते. परंतु दोन गोळ्या पोटात एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे दर वेळी पाहिलेले असतेच असे नाही. अवघी ६४५ औषधे घेतली, तरी त्यांच्या जोड्या २,०७,६९० होतात. इतक्या जोड्या माणसांवर पारखणार कोण आणि केव्हा?

हा प्रश्न चित्राने मांडू. प्रत्येक औषध म्हणजे एक ठिपका. ज्या दोन औषधांच्या जोडीने अपाय होतो हे ठाऊक आहे, त्यांच्यामध्ये एक रेघ. आता प्रश्न असा की, चित्रात नाही पण वस्तुतः आहे, अशी रेघ कोठे असावी?

यावर एक साधा ठोकताळा आहे. ज्या दोघांचे स्नेही पुष्कळसे समाईक, त्यांची परस्परांशी ओळख होण्याचा संभव अधिक. लिबेन-नॉवेल आणि क्लाइनबर्ग यांनी २००३ मध्ये संशोधकांच्या सहलेखनाच्या जाळ्यावर असे अनेक ठोकताळे तपासले, तेव्हा हा साधा नियमही बराच कामाचा ठरला. पण तो सर्वत्र लागू पडत नाही. एकाच कुलपाला लागणाऱ्या दोन किल्ल्या काही एकमेकींत बसत नाहीत! शरीरातील प्रथिनांचे असेच आहे, हे कोवाच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखविले. तेथे समाईक शेजाऱ्यांचा नियम दिशाभूल करतो.

मग नियम आपणच आधी का ठरवावा? तो जाळ्यातूनच शिकता येईल काय? ‘ग्राफ न्यूरल नेटवर्क’ नावाची गणनपद्धती हेच करते. प्रत्येक ठिपक्याला आकड्यांची एक ओळ दिलेली असते. ठिपका शेजाऱ्यांच्या ओळी घेतो, स्वतःच्या ओळीत मिसळतो आणि नवी ओळ बनवितो. असे दोन-तीन फेरे झाले, की त्या ओळीत शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांचीही खबर उतरते. मग दोन ठिपक्यांच्या ओळी ताडून रेघेचा संभव काढावयाचा. मिसळण्याचे प्रमाण कसे ठरते? ठाऊक असलेल्या काही रेघा मुद्दाम झाकून त्या ओळखावयास लावतात. चूक झाली की प्रमाण थोडे बदलतात. पुढे खरी परीक्षा होते ती शिकताना कधीच न दाखविलेल्या रेघांवर.

स्टॅनफर्ड येथील झिटनिक, अगरवाल आणि लेस्कोव्हेक यांनी २०१८ मध्ये ‘डेकॅगॉन’ ही रचना अशीच उभी केली. आरंभी सांगितलेली ६४५ औषधे तीतलीच. प्रथिनांचे जाळेही जोडून त्यांनी ९६४ प्रकारच्या दुष्परिणामांचे अंदाज बांधले. त्यांतील काहींना पुढे वैद्यकीय लेखांत आधारही सापडला.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. रेघ नाही याचे दोन अर्थ होतात: संबंधच नाही, किंवा कोणी पाहिलेच नाही. ज्या औषधांचा अभ्यास फार झाला, त्यांच्याभोवती रेघांची दाटी, उपेक्षितांभोवती शुकशुकाट. यंत्र या शुकशुकाटालाच निर्धोकपणा समजण्याचा धोका असतो. म्हणून त्याचा अंदाज म्हणजे निकाल नव्हे. कोठे आधी पाहावे, एवढेच तो सांगतो. पाहण्याचे काम माणसाचेच राहते.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा घरातला तो डबा आठवणीने बरोबर न्या.