ब्रिजच्या टेबलावरच्या हेमा देवरा

ऑगस्ट २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून ब्रिजची दोन कांस्यपदकं भारताकडे आली. त्यांतलं एक मिश्र संघाचं. किरण नाडर, बी. सत्यनारायण, गोपीनाथ मन्ना, हिमानी आणि राजीव खंडेलवाल यांच्या जोडीला त्या सहा जणांत मुंबईच्या हेमा देवरा होत्या. वय ६७. बातम्यांत त्यांची ओळख करून दिली गेली ती दिवंगत केंद्रीय मंत्री मुरली देवरा यांच्या पत्नी आणि मिलिंद देवरा यांच्या आई म्हणून. दोन्ही खरं. पण ब्रिजच्या टेबलावर नवरा किंवा मुलगा मदतीला येत नाही. तिथे काय लागतं, हे कळलं तरच या पदकाचं मोल कळतं.

मराठी घराला पत्ते नवे नाहीत. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट आणि तीनशे चार, मे महिन्याच्या सुट्टीत बदाम सात आणि झब्बू. बेलापूर स्टेशनातून सुटणाऱ्या हार्बर लोकलमध्येही मांडीवर बॅग आडवी टाकून डाव रंगतात. मेंढीकोट येणाऱ्याला ब्रिज निम्मा आलेलाच असतो. चौघे जण, समोरासमोर बसलेले भिडू, हुकूम, रंगाला रंग टाकण्याचं बंधन, हे सगळं तेच. शिकायची उरते ती बोली, आणि ब्रिजची खरी गंमत बोलीतच आहे.

प्रत्येकाला तेरा पत्ते वाटले जातात आणि पहिला पत्ता पडण्याआधी बोली लागते. किल्वर सर्वांत खाली, मग चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर बिनहुकूम. पहिले सहा हात गृहीत असतात, म्हणून ‘चार इस्पिक’ बोलणाऱ्या जोडीने इस्पिकाच्या हुकमावर दहा हात करायचे. नऊच झाले की दंड. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, असा हिशेब मनात धरून खेळाडू आपल्या बोलीतून भिडूला हातातलं बळ सांगतो. भुवई उडवणं, सुस्कारा टाकणं, बोलायला मुद्दाम वेळ लावणं, सगळं वर्ज्य. मोठ्या स्पर्धांत तर टेबलावर आडवा पडदा असतो, भिडूचा चेहराही दिसत नाही आणि बोली तोंडाने नव्हे तर छापील कार्ड ठेवून दिली जाते. बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपले पत्ते टेबलावर उघडे मांडून गप्प बसतो. मग एकट्याने सव्वीस पत्ते चालवायचे आणि झाकलेले सव्वीस कुणाकडे कसे विभागले असतील, ते प्रतिस्पर्ध्यांच्या बोलीवरून आणि पडलेल्या पत्त्यांवरून ताडायचं.

हा खेळ आजच्या रूपाला आला १९२५ च्या शरद ऋतूत. अमेरिकेतले धनाढ्य नौकानयनपटू हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट पनामा कालव्यातून बोटीने प्रवास करत होते. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये जास्तीचे हात आपोआप डावाच्या गुणांत धरले जात. बोललेले असतील तेवढेच हात त्यासाठी धरायचे, अशी नवी गुणपद्धत त्यांनी त्या प्रवासात सोबत्यांबरोबर खेळून पाहिली. या एका बदलाने धाडसाला किंमत आली.

पत्ते म्हटले की आपल्याकडे लगेच जुगार आठवतो. दिवाळीत तर हमखास. ब्रिजवर हा आरोप अन्यायाचा आहे. संघांच्या सामन्यात एकच वाटप दोन टेबलांवर खेळलं जातं. एका टेबलावर आपली जोडी उत्तर-दक्षिण बसते, तर दुसऱ्या टेबलावर आपल्याच संघाची दुसरी जोडी तेच पत्ते पूर्व-पश्चिम दिशेने धरते. चांगले पत्ते आले म्हणून कुणी जिंकत नाही, कारण तेच पत्ते प्रतिस्पर्धी संघालाही मिळालेले असतात. गुण मिळतात ते दोन टेबलांवरच्या निकालांतल्या फरकाचे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा रमीतला योगायोग ब्रिजच्या वाटपातल्या योगायोगासारखाच असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे ब्रिजचं कौशल्य न्यायमूर्तींना वेगळं सिद्ध करावं लागलं नाही, त्यांनी ते मोजमाप म्हणून वापरलं. उलट इंग्लंडमध्ये २०१५ साली ब्रिजला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता मिळवण्याचा दावा लंडनच्या उच्च न्यायालयात फेटाळला गेला, शारीरिक हालचाल नाही या मुद्द्यावर. तीन वर्षांनी आशियाने ब्रिजला पदकाचा खेळ केलं. आशियाचा निर्णय अधिक शहाणपणाचा होता, असंच म्हणावं लागेल.

हेमा देवरा माहेरच्या फणसळकर. घरात ब्रिज होता तो नवऱ्याचा. मुंबईचे महापौर, दक्षिण मुंबईचे खासदार आणि पुढे पेट्रोलियम मंत्री झालेले मुरली देवरा या खेळाचे नामांकित शौकीन होते. हेमाताई स्वतः पत्त्यांकडे वळल्या त्या मुलं मोठी झाल्यावर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. या वयात बोलीच्या पद्धती पाठ करायच्या, भिडूशी सूर जुळवायचा आणि राष्ट्रीय पातळीवर टिकायचं, याला नुसती हौस पुरत नाही. २४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुरली देवरा गेले. हेमाताईंचा खेळ थांबला नाही. चार वर्षांनी त्यांनी भारताचा पोशाख घालून आशियाई स्पर्धेत पत्ते हातात धरले.

याच शहरात दुसरी वाटही आहे, लवकर सुरू झालेली. मुंबईचे जग्गी शिवदासानी १९८७ साली अमेरिकेतली मानाची स्पिंगोल्ड स्पर्धा जिंकणाऱ्या संघात होते, तेही विशी-तिशीच्या वयात. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या जागतिक ऑलिंपियाडमध्ये भारताने उपांत्य फेरी गाठली. २०१८ च्या पुरुष संघाच्या कांस्यपदकात शिवदासानी होते आणि २०२३ मध्ये हांगझोऊला, हाँगकाँगकडून अंतिम सामना हरून मिळालेल्या रौप्यपदकातही. स्पिंगोल्डपासून मोजलं तर ३६ वर्षं. सर्वोच्च पातळीवर एवढी लांब कारकीर्द दुसऱ्या फार थोड्या खेळांत सापडेल.

जकार्तात ब्रिज आशियाई स्पर्धेत पहिल्यांदाच आला होता. तो आणण्यासाठी धडपडणारे इंडोनेशियाचे उद्योगपती बाम्बांग हार्तोनो स्वतः ७८ व्या वर्षी खेळले आणि कांस्यपदक घेऊन गेले. भारतीय पथकात सर्वांत वयस्क होत्या ७९ वर्षांच्या रिटा चोक्सी. मिश्र संघाच्या सामन्यात प्रत्येक जोडीत एक पुरुष आणि एक स्त्री असते. एका वेळी चौघे खेळतात आणि दोघे विश्रांती घेतात. तासन् तास एका जागी बसून पडलेला प्रत्येक पत्ता लक्षात ठेवायचा, आणि एक चुकीचा पत्ता पडला की चौघांचं नुकसान. भारताचा मिश्र संघ उपांत्य सामन्यात थायलंडकडून हरला. त्याच स्पर्धेत १ सप्टेंबरला कोलकात्याच्या ६० वर्षांच्या प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांच्या शिबनाथ डे सरकार यांनी पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पंधरावं सुवर्ण.

बंगालने या दोघांना डोक्यावर घेतलं. महाराष्ट्रात मात्र हेमा देवरांच्या खेळाबद्दल फारसं लिहिलं गेलं नाही, आणि ही उणीव खटकते. सत्तरीकडे झुकलेल्या एका मराठी बाईने देशासाठी पदक आणावं, ही कोणत्याही राजकीय घराण्याच्या चौकटीबाहेर सांगण्याजोगी गोष्ट आहे.

फराळाची ताटं आवरली की या दिवाळीतही घरोघर मेंढीकोटाचे पत्ते निघतील. ब्रिजला याहून वेगळं साहित्य लागत नाही, आणि ‘ब्रिज बेस ऑनलाइन’वर जगभरच्या लोकांशी फुकट खेळता येतं. घरात कुणी पन्नाशीला आलेलं असेल आणि पत्ते लक्षात ठेवण्यात पटाईत असेल, तर या सुट्टीत त्यांच्यासोबत बोली शिकायला बसा.